पगार ३,००० नं वाढला, हातात मात्र १६९ रुपये कमी. पीएफमुळे असं होतं का?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका पॅकेजिंग कंपनीत सुपरवायझर आहे, २०१९ पासून तिथंच. पहिलीच नोकरी. यंदा वाढीचं पत्र मिळालं, सीटीसी महिन्याला ३६,५०० वरून ३९,५००. घरी सगळ्यांना सांगून झालं. नंतर पगार जमा झाला तो ३२,००९. आधीच्या महिन्यापर्यंत ३२,१७८ येत होते.

जुनी स्लिप: बेसिक (मूळ वेतन) १५,०००. घरभाडे भत्ता, कन्व्हेयन्स आणि स्पेशल अलाउन्स धरून ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, ३३,९७८. पीएफ कपात १,८००.

नवी स्लिप: बेसिक २६,०००. स्पेशल अलाउन्सची ओळच नाही. ग्रॉस ३५,१२९. पीएफ कपात ३,१२०.

एचआरला विचारलं तर उत्तर आलं, "नवा कायदा आलाय, पेन्शनसाठी जास्त कापावं लागतं, पुढं तुमचाच फायदा आहे." इन्कम टॅक्स मला लागत नाही, त्यामुळे तिकडेही काही गेलेलं नाही.

पावसाआधी घराची कौलं उतरवून छप्पर नव्यानं केलं, त्याचा पतसंस्थेचा हप्ता चालू आहे. वाढीचे पैसे त्यातच धरले होते. चवथीला मुंबईहून काकांकडची मंडळी येणार, तो खर्च वेगळाच.

कोणी जाणकार सांगेल का, ३,००० गेले कुठं? पेन्शन खरंच वाढणार आहे का? आणि कपात पुन्हा १,८०० वर आणता येते का?

म्हापशेकार

नवे लेबर कोड लागू झाले ना, त्याचा परिणाम. आमच्याकडेही तेच झालंय. कायदाच आहे म्हटल्यावर काही करता येत नाही.

कुंडईची निवृत्त

म्हापशेकार, "काही करता येत नाही" असं कोणाला सांगू नका हो. या एका वाक्यानं माणसं विचारायचंच सोडून देतात.

डिचोलीकर, कुंडईतल्या एका कारखान्यात निवृत्त होईपर्यंत मी पगारपत्रकं केली. वाढीच्या महिन्यात तुझ्यासारखी पोरं स्लिप घेऊन माझ्या टेबलाशी यायची, म्हणून तुलाही "तू"च म्हणते.

तुझे आकडे मी मांडून पाहिले. रुपया न् रुपया जुळतो. पैसे कुठं लपवलेले नाहीत, पण तुला ते कोणी समजावून सांगितलं नाही याचा मला राग येतो.

सीटीसी म्हणजे तुझा पगार नव्हे, तुझ्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च. त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा असतो आणि बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना कंपनी एकरकमी देते त्या पैशांची) तरतूदही असते, बेसिकच्या ४.८१ टक्के. बेसिक १५,००० चं २६,००० झालं की हे दोन्ही आपोआप वाढतात. कंपनीचा पीएफ १,८०० वरून ३,१२० झाला, म्हणजे १,३२० तिथं गेले. ग्रॅच्युइटीची तरतूद ७२२ वरून १,२५१ झाली, त्यात ५२९ गेले. ३,००० मधून हे वजा केले की राहिले १,१५१, आणि तुझा ग्रॉस नेमका तेवढाच वाढला आहे. त्यातून तुझी स्वतःची पीएफ कपात १,३२० नं वाढली. १,१५१ आले, १,३२० गेले. तेच तुझे १६९.

आता पेन्शन. एचआरनं जे सांगितलं त्यातलं हे मला सगळ्यात खटकलं. तुझी पेन्शन या वाढीव कपातीनं एका रुपयानंही वाढत नाही.

तुझ्या पगारातून कापलेले १२ टक्के सगळेच्या सगळे भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीएफच्या फंडात जातात, पेन्शनमध्ये त्यातलं काही जात नाही. पेन्शनचे पैसे जातात ते कंपनीच्या १२ टक्क्यांमधून, ८.३३ टक्के, आणि तेही जास्तीत जास्त १५,००० पगारावर. म्हणजे १,२५०. तुझं बेसिक १५,००० होतं तेव्हाही १,२५० जात होते, आज २६,००० आहे तरी १,२५० च जातात. पेन्शनचं सूत्र असं: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पेन्शनपात्र पगार १५,००० वर अडकलेला. सूत्रात २५ वर्षं धरली तर ५,३५७ रुपये महिना. बेसिक ५०,००० झालं तरी तेवढेच. १५,००० ची ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची आहे, त्याआधी ६,५०० होती. (जादा पेन्शनचा सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २०२२ चा निकाल कोणी तुला दाखवेल. तो १ सप्टेंबर २०१४ च्या आधीपासून सभासद असलेल्यांसाठी आहे. तू २०१९ चा, तुला तो लागू नाही.)

मग वाढलं काय? फंड. आधी तुझ्या खात्यात तुझे १,८०० आणि कंपनीचे पेन्शन वजा जाता उरलेले ५५० मिळून २,३५० जमा व्हायचे. आता ३,१२० आणि १,८७० मिळून ४,९९० होतील. महिन्याला २,६४० जास्त. २०२४-२५ साठी व्याज ८.२५ टक्के होतं. तोच दर टिकला तर या जादा २,६४० चे २० वर्षांत १५ लाखांच्या आसपास होतात. हे पैसे तुझेच आहेत, हे विसरू नकोस. पण याला पेन्शन म्हणून तुझ्यापुढं ठेवणं चूक आहे.

ग्रॅच्युइटीचा मात्र तुला खरा फायदा झाला आहे. ती शेवटच्या पगारावर मोजतात, वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. १५,००० वर वर्षाला ८,६५४ होत होते, २६,००० वर १५,००० होतात. आणि तू काढलेली मागची सगळी वर्षंही नव्या बेसिकवर मोजली जातील. नोकरी सोडताना हा आकडा नीट तपास.

आता कायदा. स्पेशल अलाउन्स बेसिकमध्ये मिसळला यात कंपनीचं चुकलेलं नाही. सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचा, असं सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०१९ मध्येच सांगितलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही (म्हापशेकार म्हणतात ते लेबर कोड) वेतनाची व्याख्या त्याच दिशेनं आहे, वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा. पण पीएफची १५,००० ची मर्यादा त्यामुळे हललेली नाही. त्यावरच्या पगारावर पीएफ कापणं कायद्यानं सक्तीचं नाही, आणि पीएफ मर्यादेवर कापला जात असेल तर संहितांमुळे हातातला पगार कमी होत नाही, असं केंद्रीय श्रम मंत्रालयानंही स्पष्ट केलं आहे. पूर्ण बेसिकवर कापायचा तर पीएफ योजनेच्या परिच्छेद २६(६) प्रमाणे कामगार आणि कंपनी दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. तू तसा अर्ज केला होतास का, हे एचआरला विचार. लेखी विचार.

मर्यादेवर आणलंस तर हिशोब असा: कंपनीचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटी १,२५१, ग्रॉस ३६,४४९, तुझी कपात १,८००, हातात ३४,६४९. इथं एका गोष्टीवर डोळा ठेव. कंपनीच्या हिश्श्यातून वाचलेले १,३२० तुझ्या ग्रॉसमध्ये परत यायला हवेत, कारण ते तुझ्या सीटीसीतलेच आहेत. कपात कमी केली आणि हे १,३२० तिथंच विरले, असंही मी पाहिलं आहे.

माझं मत विचारशील तर कर्ज फिटेपर्यंत मर्यादेवर ये. पतसंस्थेच्या कर्जाचं व्याज ८.२५ पेक्षा नक्कीच जास्त असणार, मग फंडात पैसे भरून तिकडे जास्त व्याज देण्यात अर्थ नाही. पण हातात आलेले पैसे जास्तीचा हप्ता म्हणून कर्जातच जायला हवेत. ते जमणार नसेल तर आहे तसंच राहू दे. बिनकर्जाचा असतास तर मी तुला या कपातीला हात लावू दिला नसता.

मडगाववाली

मावशी, माझं जरा वेगळं आहे. हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. बेसिक ११,००० होतं, ग्रॉस १९,५००. आता बेसिक १६,०००, ग्रॉस २१,६००. पीएफ १,३२० चा १,८०० झाला. मला पण निवडता येतं का? आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) बंद होणार म्हणतात. आईची औषधं मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलातून मिळतात, त्याची जास्त काळजी आहे.

कुंडईची निवृत्त

बाय, तुला निवड नाही, कारण तुझी कपात १५,००० च्या मर्यादेवरच होते आहे. तेवढी सक्तीची. तुझ्या बाबतीत ती वाढली हे बरंच झालं, कारण पेन्शनचा पगारही ११,००० चा १५,००० झाला. डिचोलीकरची पेन्शन वाढली नाही, तुझी खरंच वाढणार.

ईएसआयची पगाराची मर्यादा २१,००० आहे. पण मध्येच पगार वाढला तर लगेच नाव कटत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन काळ असतात. चालू काळ संपेपर्यंत तुझे ०.७५ टक्के कापले गेलेच पाहिजेत. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत लाभ मिळतो. हॉटेलनं आत्ताच कपात थांबवली असेल तर सांग त्यांना, ते चूक आहे. आणि तेवढ्या मुदतीत आईसाठी आरोग्य विम्याची चौकशी करून ठेव, उशीर करू नकोस.

पेडण्याचा मास्तर

आम्हा सरकारी शिक्षकांचं थोडक्यात सांगतो, इथं एनपीएसवालेही (राष्ट्रीय पेन्शन योजनेतले) वाचत असतील. आमची कपात बेसिक अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के. तिला मर्यादा नाही आणि निवडही नाही. महागाई भत्ता वाढला की जाहीर झालेल्या वाढीतले १० टक्के आधीच वजा धरायचे, थकबाकीतूनसुद्धा. निवृत्तीला किमान ४० टक्के रकमेची ॲन्युइटी (विमा कंपनीकडून दरमहा रक्कम मिळण्याची योजना) घ्यावी लागते, तीच आमची पेन्शन. त्यामुळे आमच्याकडे कपात वाढली तर पेन्शन वाढते असं म्हणता येतं, फक्त किती ते बाजारावर. पीएफवाल्यांनी आमच्याशी तुलना करू नये, दोन्ही योजना मुळातच वेगळ्या.

डिचोलीकर

मावशी, तुमचा हिशोब छापून घेऊन गेलो. एचआरमधल्या बाईंनी शांतपणे वाचला. माझ्या नावावर २६(६) चा अर्ज नाही म्हणाल्या, सिस्टममध्ये सगळ्या सुपरवायझरना एकदम पूर्ण बेसिकवर टाकलं होतं. लेखी दिलं तर पुढच्या महिन्यापासून १,८०० करू म्हणतात. पतसंस्थेचं व्याज १३ टक्के आहे. घरी बोललो, जादा येणारे सगळे कर्जातच घालायचं ठरलं. माझ्यासोबतचे आणखी काही जणही अर्ज करणार आहेत. अर्जात नेमकं काय लिहायचं?

कुंडईची निवृत्त

त्या बाईंनी ऐकून घेतलं, फार बरं वाटलं.

सगळ्यांनी एकच अर्ज करू नका, ज्याचा त्यानं वेगळा द्या. ज्याला कर्ज नाही त्यानं तुझं बघून सही करू नये, त्यांना हा धागा पूर्ण वाचायला सांग.

मजकूर साधा ठेव: "माझ्या वेतनातून पूर्ण मूळ वेतनावर भविष्य निर्वाह निधीची कपात होत आहे. त्यासाठी मी परिच्छेद २६(६) खाली संमती दिलेली नाही. पुढील महिन्यापासून माझी व कंपनीची वर्गणी १५,००० रुपयांच्या वैधानिक मर्यादेवर करावी. कंपनीच्या वर्गणीतील फरक रु. १,३२० माझ्या ग्रॉस वेतनात समाविष्ट करून सुधारित वेतनरचनेचे पत्र द्यावे." खाली यूएएन (तुझा पीएफचा कायमचा नंबर) आणि तारीख. एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेव.

आधीच जमा झालेले जादा पैसे परत मागत बसू नकोस, ते तुझ्या खात्यात व्याजावर आहेत. कंपनीनं वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, त्यानंतर उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघड. तीन रकाने दिसतील. बदल व्हायच्या आधीच्या महिन्याला तुझे ३,१२०, कंपनीचे १,८७०, पेन्शन १,२५०. बदलानंतर १,८००, ५५० आणि १,२५०. यापेक्षा वेगळं काही दिसलं तर पणजीच्या पीएफ कार्यालयात जाण्याआधी आकडे इथं टाक, मी पाहते.