मंगो नॅशनल पार्कला दोन रात्री तंबूत राहायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जूनच्या लाँग वीकेंडला मेलबर्नहून न्यू साउथ वेल्समधल्या मंगोला जायचं ठरतंय. सोबत नवरा, आठ वर्षांची मुलगी आणि नाशिकहून आलेल्या सासूबाई. वाटेतल्या मिल्ड्युरा शहरापर्यंत साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर, तिथे मुक्काम. खरी काळजी आहे ती पुढच्या ११० किलोमीटरची. त्यातला बराच रस्ता कच्चा आहे आणि पाऊस झाला की मातीचा असा चिखल होतो की रस्ताच बंद करतात. आमची गाडी साधी सेडान आहे. कोरड्या दिवसांत कोणी अशी गाडी नेली आहे का? आणि आत असताना पाऊस आला तर तुम्ही काय केलंत?

आत पेट्रोल नाही, दुकान नाही, पिण्याचं पाणी आपलंच न्यायचं. चौघांना तीन दिवसांसाठी मी ६० लिटर धरलंय, पुरेल ना? रात्री थंडी शून्याजवळ जाते म्हणतात. सासूबाईंना तंबूत झेपेल का, की मिल्ड्युरातूनच एका दिवसात जाऊन यावं?

१९६८ साली तिथे सापडलेल्या ‘मंगो लेडी’चे, म्हणजे एका आदिवासी स्त्रीचे, अवशेष सुमारे ४२ हजार वर्षांपूर्वीचे आहेत, हे ऐकल्यापासून मुलीने ध्यास घेतलाय. तिथल्या ‘वॉल्स ऑफ चायना’ नावाच्या वाळूच्या टेकड्यांवर मार्गदर्शकाशिवाय चढता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मुथी मुथी, पाकांत्जी आणि न्गियाम्पा या आदिवासी लोकांची ती पवित्र भूमी आहे. मार्गदर्शकासोबतची सहल किती दिवस आधी ठरवावी लागते?

जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.