माळ्यावरची बाबागाडी आणि परदेशात पोरांना घेऊन केलेली भटकंती: लिहा तुमचेही अनुभव

मुलुंडची_माय:
काल माळा काढला. दिवाळीला अजून तीन आठवडे आहेत पण सासूबाईंनी जाहीर करून टाकलं की या वर्षी माळ्यावरचं ते धूड जाणार म्हणजे जाणार. धूड म्हणजे लेकीची बाबागाडी. जर्मनीहून परत येताना नवरा म्हणत होता देऊन टाकू इथेच कुणाला तरी, मुंबईत कुठल्या फुटपाथवर चालवणारेस, मी ऐकलं नाही, सामानाबरोबर आणली, आणि सात वर्षांत मोजून दोनदा बाहेर काढली. दुसऱ्या वेळी पुढचं चाक पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकलं तेव्हा एका भाजीवाल्याने गाडी नि लेक दोन्ही एकदमच उचलून बाजूला ठेवलं, वर मला म्हणाला, "ताई, कडेवर का नाही घेत?"

तर पुसायला घेतली आणि खालच्या जाळीच्या कप्प्यात हात घातला तर एक लोकरीचा हातमोजा (एकच), विल्हेल्माचं अक्षर उडालेलं तिकीट आणि तीन चेस्टनट. सुकून खट्ट झालेले. मी तिथेच शिडीला टेकून बसले.

श्टुटगार्टला होतो आम्ही, 2013 ते 2018. विल्हेल्मा म्हणजे तिथलं प्राणिसंग्रहालय आणि बाग एकत्र. नवरा सकाळी गेला की घरात आम्ही दोघीच, लेक दीड वर्षाची, मग डबा भरायचा आणि निघायचं, पुढे तर वर्षाचा पासच काढला. हे तिकीट पहिल्या खेपेचं. आता श्टुटगार्ट म्हणजे वाडग्यात वसवलेलं गाव, चारी बाजूंनी टेकड्या, आणि टेकड्यांवर चढायला जिने, 400 च्या वर आहेत म्हणे. मॅपवर दिसतं घर आठ मिनिटांवर, त्यातली पाच मिनिटं उभी आहेत हे मॅप सांगत नाही. येताना मी गाडी घेऊन खाली उभी, वर बघतेय, रडायचीच बाकी. तेवढ्यात एक म्हातारी आली, पंचाहत्तरीची तरी असेल, काही विचारलं नाही, पुढचा दांडा धरला आणि "आइन्स, त्स्वाय" करत चढायलाच लागली. वर पोचल्यावर मला धाप, तिला काही नाही. लेकीच्या कानांकडे बोट दाखवून म्हणते, "म्युत्से?" म्हणजे टोपी कुठाय. (जर्मनीत राहिलेल्या आयांना हा शब्द पहिल्या आठवड्यात येतो, रस्त्यावरच्या आज्या शिकवतात.) टोपी खाली पहिल्या पायरीवर पडलेली दिसत होती. आणि मी, मुंबईची पोरगी, अनोळखी बाईकडे पोर सोडून धावत खाली गेले! आजही आठवलं की पोटात गोळा येतो. वर आले तर आजीबाई लेकीच्या हातात वेचलेले चेस्टनट देतायत आणि लेक लग्गेच तोंडात, मग "नाइन नाइन नाइन" (म्हणजे नाही नाही) करून आम्ही दोघींनी बोटं घालून बाहेर काढला. तोच असावा यातला एक. एकाला बारीक दातांची खूण आहे अजून.

(श्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी शहरं आहेत हे मला तिकडे गेल्यावर कळलं. बहिणीबहिणींत एवढा फरक मी फक्त आमच्या घरात बघितला होता.)

लिहा तुम्हीपण. आणि बाबागाडी कुणाला हवी असेल तर सांगा, मुलुंड पूर्व, ब्रेक चालू आहे.

पोहे_विदाउट_कांदा:
चेस्टनट खातात ना पण? युरोपात थंडीत रस्त्यावर भाजून विकतात की

मुलुंडची_माय:
ते वेगळे गं. खायच्याचं वरचं कवच साळिंदरासारखं, बारीक काट्यांनी गच्च. बागेत पडतात त्याला मोजके जाड काटे, ते कडू असतात आणि पोट बिघडतं. तिकडे पोरं त्यात काड्या खुपसून माणसं नि प्राणी करतात, पाळणाघरातून दर ऑक्टोबरला एक घोडा घरी यायचा.

गिरगावची_टोकियोत:
आई गं, शिडीला टेकून बसले वाचून मीपण बसले. आमचं जपान. चिरंजीव तीन वर्षांचे, योचिएन म्हणजे बालवाडीत नाव घातलं, तर यादी आली. पुस्तकांची पिशवी 30 बाय 40 सेंटिमीटर, बुटांची वेगळी, पेल्याची नाडीवाली वेगळी, आणि सगळं आईने हाताने शिवलेलं असेल तर उत्तम! मला बटण लावता येत नाही हो. व्हिडिओ कॉलवर आईला धरलं. आमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिचे सहा, तिची दिवाबत्तीची वेळ, उदबत्ती एका हातात नि दुसऱ्या हाताने मला कॅमेऱ्यात धावदोरा दाखवतेय, "अगं सुई तुझ्याकडे नको, पुढे, पुढे काढ." चार रात्री लागल्या. पेल्याची पिशवी जुन्या इरकली ब्लाउजच्या कापडाची केली, काठ वर आला तो तसाच ठेवला. वर्गात सगळ्यांच्या पिशव्यांवर ट्रेन नि ससे, याच्या पिशवीला इरकली काठ, बाईंनी दोनदा विचारलं हे कुठलं कापड म्हणून, मला जपानीत इरकल सांगता येईना, मी आपलं "आई" एवढंच म्हटलं.
आउटिंगबद्दल लिहायचं होतं ना. नंतर लिहिते कुकर झाला.

नवी_आई_एडमंटन:
पहाटेचे तीन वाजलेत इकडे, लेकरू आठ महिन्यांचं, झोपत नाहीये, मांडीवर घेऊन एका हाताने टाइप करतेय. जूनमध्ये आलो. अजून बर्फ यायचंय पण जो भेटतो तो घाबरवतो. नवरा नोकरीत नवीन त्यामुळे सुट्टी नाही. बाहेर पडायचं म्हटलं की धडकीच भरते, तुम्ही लोक कसे एवढे फिरलात

मुलुंडची_माय:
अगं मीपण पहिले चार महिने फक्त खिडकीतून फिरले. लिहीत राहा इथे, कुणी ना कुणी जागं असतंच.

बोरिवली_टू_कॅलगरी:
एडमंटन, ऐक. लायब्ररी. सगळं सोडून लायब्ररीत जा. लहान बाळांचा गोष्टी-गाण्यांचा तास असतो, फुकट असतो, गाणी येत नसली तरी चालतं, मी सहा महिने ओठ हलवले फक्त. तिथेच तुझ्यासारख्या दहा जणी भेटतील, सगळ्यांचे डोळे सुजलेले. डाउनटाउनला इमारती आतून जोडणारे पेडवे आहेत, त्यातून बाबागाडी घेऊन थंडीतसुद्धा चालता येतं. स्नोसूट एक साइझ मोठा घे. पण कारसीटच्या पट्ट्यांखाली तो जाडा सूट नको, पट्टा सैल राहतो, सूट काढून बांधायचं नि वरून पांघरूण.

नवी_आई_एडमंटन:
झोपलं!!! थँक्यू ताई. उद्या बघते लायब्ररीचं.

दादरची_सून:
कारसीट!! काय आठवण काढलीत. न्यूजर्सीला लेक झाली, कारसीट असल्याशिवाय हॉस्पिटलमधून सोडेनात. आमच्या सासूबाई खास बाळंतपणाला दादरहून आलेल्या, डिंकाचे लाडू घेऊन. नवरा गाडीत पाळणा बसवतोय, त्याचं तोंड मागे, आणि या बघतायत. "तीन दिवसांचं पोर मागे एकटं बांधून ठेवायचं? आणि तेही पाठ फिरवून?" मी मांडीवर घेते म्हणाल्या. नर्सने समजावलं, नवऱ्याने कायदा सांगितला, शेवटी मागे बसल्या पाळण्याशेजारी, अख्खा रस्ता पोरीचं बोट धरून, आणि नवऱ्याला ताशी 25 मैलांच्या वर जाऊ दिलं नाही. मागून हॉर्न वाजतायत! अमेरिकेत कुणी हॉर्न वाजवत नाही असं सांगणाऱ्यांनी तो दिवस बघायला हवा होता.

हॅरो_रिटर्न:
लंडन. आमचे हे शिकायला होते तिकडे, तेव्हापासून गाणं एकच, नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या दारातच एवढा मोठा डायनासोर आहे, पोराला दाखवायचाच, तिकीट पण नाही. पोरगा चार वर्षांचा, दोन महिने घरात डायनासोर एके डायनासोर. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनला लिफ्ट नसते त्यामुळे बाबागाडी घडी, पोर खांद्यावर, पिशवी दातात अशा अवस्थेत पोचलो. आत गेलो तर देवमासा टांगलेला. पंचवीस मीटरचा सांगाडा, निळा देवमासा. डायनासोर हलवला म्हणे 2017 च्या सुरुवातीला, आम्ही गेलो त्याच वर्षी डिसेंबरात. पोरगा खाली फरशीवर आडवा, "हा मासाय, हा मासाय." दुसरीकडे आत हलणारा डरकाळ्या फोडणारा टीरेक्स आहे, तिकडे नेलं, तर तो बघून माझ्या कोटात शिरला तो बाहेर निघेना. मग कॅन्टीनमध्ये मेथीचे ठेपले खाल्ले लपवून. ते हे अजून सांगतात की आमच्या वेळी होता.

पोहे_विदाउट_कांदा:
"हा मासाय" 😂😂 मालवणी पोर असतं तर खूश झालं असतं

पार्लेकर_आजोबा:
नमस्कार मंडळी. मी परदेशात राहिलेलो नाही, परंतु नातू मेलबर्नला असतो व आम्ही उभयता दोन वेळा सहा-सहा महिने राहून आलो, तेव्हा अनुभव सांगायचा अधिकार आहे असे समजतो. नातवाला बागेत नेण्याचे काम माझ्याकडे होते. सप्टेंबर महिना, झोक्यावर नातू, मी मागून ढकलतो आहे, आणि एकाएकी डोक्यात टप्पकन काहीतरी बसले. मॅगपाय नावाचा काळा-पांढरा पक्षी. त्यांच्या वसंतात घरटी असतात तेव्हा तो जाणाऱ्या-येणाऱ्याला टोचतो. सायकलवाले हेल्मेटवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या उभ्या बांधून हिंडतात, मी त्यांना हौशी समजत होतो. दुसऱ्या दिवसापासून हिने मला छत्री दिली. भर उन्हात छत्री घेतलेला म्हातारा म्हणून त्या बागेत माझी ओळख झाली.
पण खरी गंमत ट्रामची. शहराच्या मधल्या भागात तिथे ट्राम फुकट आहे. नातवाला घेऊन रोज एक फेरी. त्या घंटेचा आवाज आला आणि मी आठ वर्षांचा झालो. आपल्या मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली, वडिलांनी मला खांद्यावर घेऊन दाखवली होती, माणसे दुतर्फा उभी होती. नातवाला मी ते सांगितले. तो म्हणाला, "आजोबा, मग तुम्ही ती परत का नाही आणली?"

दादरची_सून:
आजोबा 🙏 दादर टीटीचं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस ना?

पार्लेकर_आजोबा:
बरोबर. खोदादाद सर्कल.

विरार_फास्ट:
काय सांगता टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस?? मला इतकी वर्षं वाटायचं ट्रेन टर्मिनस. असो. आम्ही परदेशात गेलो नाही, आमचा परदेश म्हणजे कमला नेहरू पार्कचा म्हातारीचा बूट. विरारहून पोराला घेऊन रविवारी निघायचं, ग्रँट रोडला उतरायचं, बुटासमोर फोटो, भेळ, परत. बाबागाडी लोकलमध्ये उघडली असती तर बायकांनी त्यात डबे ठेवले असते.

अल_नहदा_वाली:
दुबई. उन्हाळ्यात बाहेर 45 डिग्री त्यामुळे आउटिंग म्हणजे मॉल, दुसरं काय. दुबई मॉलचं ते मोठं मत्स्यालय बाहेरून फुकट दिसतं, आम्ही तिथेच तासभर जमिनीवर बसून वरणभात भरवायचो, शार्क गेला की एक घास. जूनमध्ये मुंबईला आलो, लेक तीनची, दादर स्टेशनबाहेर पहिला मोठा पाऊस आला तर किंचाळली, "आई, नळ फुटला."

स्टॉकहोमचा_बाबा:
आमच्याकडे लोक बाळ बाबागाडीत झोपलेलं असलं की गाडी कॅफेच्या बाहेर ठेवून आत कॉफी पितात. थंडीत. बायको म्हणाली आपणही स्थानिक पद्धत शिकायची. गाडी बाहेर ठेवली, आत गेलो, कॉफी घेतली आणि दोघंही कप घेऊन बाहेर येऊन गाडीशेजारी उभे राहिलो, उणे तीनमध्ये. आतले लोक काचेतून आमच्याकडे बघत होते.

गिरगावची_टोकियोत:
😂😂😂 हे अगदी आपण

हॅरो_रिटर्न:
बाकी ठेपले विकतचे का घरचे असं कुणी विचारलं नाही म्हणून सांगते, घरचे. लसूण जास्त झाला होता.

ठाण्याची_मावशी:
मुलुंड, बाबागाडी गेली का गं? भाचीला पाचवा महिना आहे, ती हिरानंदानीत राहते तिथे आत रस्ते बरे आहेत. रविवारी येऊन बघू का?

मुलुंडची_माय:
मावशी सॉरी गं, इकडे निराळंच झालंय. सकाळी गाडी दारात पुसून ठेवली होती. अकराला बघते तर गाडी नाही. म्हटलं गेली भंगारात. खाली गेले तर सासूबाई चक्कीवरून येतायत, गाडीत दहा किलोचा दळणाचा डबा बसवलेला, पुढचा पट्टासुद्धा लावलाय, आणि शेजारच्या काकूंना थांबून दाखवतायत की ब्रेक कसा लागतो. धूड म्हणणाऱ्या याच. आता म्हणतात माळ्यावर नको, दाराशीच राहू दे. चेस्टनट लेकीने कंपासपेटीत टाकले, दाताची खूण मैत्रिणींना दाखवणारे म्हणाली.

ठाण्याची_मावशी:
मग रविवारी येऊ का नको?

मुलुंडची_माय:
या ना, चहाला या. गाडी नाही मिळणार.