व्हॅम्पायर बोलायला लागला की भीती संपते. पटतंय का?

रातकिडा

या पावसाळ्यात ठरवून व्हॅम्पायर कादंबऱ्या वाचल्या, त्याही प्रकाशनाच्या क्रमाने. शेरिडन ल फानूची 'कार्मिला' (१८७२), ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७), रिचर्ड मॅथेसनची 'आय ॲम लेजंड' (१९५४), स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' (१९७५) आणि ॲन राइसची 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' (१९७६). मध्येच चव बदलायला दाफ्ने द्यू मोरिएची 'रेबेका'.

एक मत तयार झालंय, ते भांडणासाठी इथे ठेवतो. व्हॅम्पायर जोवर दुसऱ्यांच्या तोंडून कळतो तोवर कादंबरीत दम असतो. तो स्वतःची कहाणी सांगायला बसला की भीती उठून जाते आणि मागे उरतं ते रडगाणं.

'ड्रॅक्युला' बघा. रोजनिश्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रातली कात्रणं, डॉ. सेवर्डने फोनोग्राफवर बोलून ठेवलेली डायरी. झाडून सगळे आपापली बाजू नोंदवून ठेवतात, काउंट ड्रॅक्युलाची डायरी तेवढी नाही. सुरुवातीला हार्कर हा तरुण इंग्रज वकील त्याच्या किल्ल्यात असतो, तेव्हा काउंट भरपूर दिसतो. इंग्लंडात आल्यावर मात्र धुकं, वटवाघूळ, लांडगा, पिकॅडिलीच्या गर्दीत एका मुलीकडे टक लावून बघणारा माणूस, एवढंच. माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात जबरदस्त भाग म्हणजे 'डिमीटर' जहाजाची नोंदवही. खलाशी एकेक करून नाहीसे होतात, कुणाला तरी एक उंच, सडपातळ माणूस दिसल्यासारखा होतो, बस. जहाज व्हिटबीला लागतं तेव्हा कप्तान सुकाणूला हात बांधलेल्या अवस्थेत मरून पडलेला. इतक्या कमी शब्दांत इतकी दहशत मी क्वचितच वाचली आहे.

किंगनेही हेच केलंय. त्याचा व्हॅम्पायर बार्लो बराच काळ नुसता नावापुरता आहे. त्याआधी भीती येते ती दुसऱ्याच दाराने: दफन झालेला डॅनी ग्लिक रात्री मित्राच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर तरंगतोय, काच खरवडतोय आणि आत घे म्हणतोय.

आता राइस. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका खोलीत लुई हा व्हॅम्पायर एका पोरापुढे टेप चालू ठेवून आपली दोनशे वर्षांची कर्मकहाणी सांगतो. १७९१ सालचा लुइझियानातला निळीचा मळा, भावाचा मृत्यू, त्याला व्हॅम्पायर करणारा लेस्टाट, अपराधी मन, पुन्हा अपराधी मन. पहिली पन्नास पानं मस्त गेली. मग मला त्या पोराची दया यायला लागली.

गंमत म्हणजे या सगळ्यांत मला खरी व्हॅम्पायर कादंबरी वाटली ती 'रेबेका'. बाई कथा सुरू व्हायच्या आधीच मेलेली आहे, एकाही प्रसंगात येत नाही, आणि तरी नवऱ्याची अख्खी मँडर्ली हवेली तिच्या मुठीत. जिवंत बायकोला लेखिकेने नावसुद्धा दिलेलं नाही!

हाणा.

शमिका

रातकिडा, पन्नास पानांनंतर कंटाळलात म्हणता, म्हणजे क्लॉडियाकडे नीट लक्ष गेलेलं दिसत नाही.

राइसची मुलगी मिशेल १९७२ मध्ये ल्युकेमियाने गेली, सहाव्या वाढदिवसाच्या थोडी आधी. त्यानंतर ही कादंबरी लिहिली गेली. तिच्यात पाच वर्षांच्या क्लॉडियाला व्हॅम्पायर केलं जातं, म्हणजे ती मरत नाही. ती वाढतही नाही. मन बाईचं होतं, हात मात्र पाच वर्षांच्या पोरीचे राहतात. आपण कधीच मोठे दिसणार नाही, हे तिला हळूहळू उमगत जातं तो भाग वाचताना मी पुस्तक पालथं ठेवून उठले होते. पुढे पॅरिसमध्ये मॅडलिन भेटते. तिची मुलगी वारलीय आणि ती त्याच चेहऱ्याच्या बाहुल्या करत बसलीय. हे रडगाणं? मूल जाऊ नये म्हणून आईबाप काय काय कबूल करतील, ही भीती आहे. तुम्हाला भीती फक्त खिडकीबाहेर तरंगणारी हवी आहे.

आणि हे सगळं लुईच सांगू शकतो, कारण त्या मुलीचं जे झालं त्याला तोच जबाबदार आहे. 'ड्रॅक्युला'तल्या प्रा. व्हॅन हेल्सिंगने येऊन सांगितलं असतं तर ती नुसती एक केस झाली असती.

खवचट काका

'रेबेका' व्हॅम्पायर कादंबरी म्हणे! मग 'तो मी नव्हेच' ही वेअरवुल्फची गोष्ट म्हणायची का?

रातकिडा

काका, तुमच्या हजेरीशिवाय धाग्याला शोभा नाही.

शमिका, क्लॉडियाबद्दल वाद नाही. पण बघा, ज्या क्लॉडियाने तुम्हाला उठवलं तिच्या हातात माईक नाही! ती आपल्याला लुईच्या तोंडूनच कळते. म्हणजे माझाच मुद्दा झाला की.

जुनी पाने

रातकिडा, तुम्ही ज्याला कारागिरी म्हणताय त्यामागचं राजकारणही बघा.

मुळात काउंट गप्प नाही. पहिल्या प्रकरणात त्याचं स्वागताचं पत्र आहे, आणि तिसऱ्यात तो हार्करपुढे आपल्या सेकेली वंशाच्या लढायांचं, तुर्कांशी झुंजल्याचं लांबलचक आख्यान लावतो. अभिमानी, जखमी, जवळजवळ करुण. हार्कर ते उतरवून घेतो आणि लेखक पुढे तो धागा सोडून देतो. इंग्लंडात पोचल्यावर या माणसाची बाजू कुणी ऐकतच नाही.

हार्कर पहिल्याच पानावर सांगतो की आपण पश्चिम सोडून पूर्वेत शिरतोय, तिथपासून हा खेळ चालू आहे. परका माणूस लंडनजवळ पर्फ्लीटला घर विकत घेतो, रस्त्यात कुणी परका म्हणून ओळखू नये यासाठी इंग्रजी घोटतो, आणि 'आपल्या' बायकांना नासवतो. मग टाइपरायटर, रेल्वेचं वेळापत्रक आणि पैसा हाताशी असलेली मंडळी त्याचा पाठलाग करतात. त्याचा शेवटही सुळाने होत नाही. हार्कर त्याचा गळा चिरतो तो कुकरीने! साम्राज्याने आपल्याकडून नेलेलं हत्यार. ज्याच्याबद्दल फक्त शत्रूंनी लिहून ठेवलंय, तो भयंकरच दिसणार. आपण तरी हा डाव ओळखायला हवा.

राइसने १९७६ मध्ये त्या माणसापुढे टेपरेकॉर्डर ठेवला, हे मला न्यायाचं वाटतं.

रातकिडा

राजकारण मान्य. ते वाचताना जाणवतं, टोचतंही. पण तुम्ही न्यायाचं बोलताय आणि मी भीतीचं. काउंटला न्याय मिळाला असता तर ती कदाचित थोर कादंबरी झाली असती. मला रात्री बाथरूमला जाताना दिवा लावावा लागला नसता, एवढंच.

स्टेथोस्कोप

थोडं अवांतर. 'ड्रॅक्युला'त काउंटची शिकार झालेल्या लूसीला वाचवायला चार पुरुषांचं रक्त देतात: आर्थर, सेवर्ड, व्हॅन हेल्सिंग आणि तो टेक्सासचा क्विन्सी. रक्तगट जुळवायचा प्रश्नच नाही, कारण लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने गट दाखवून दिले ते १९०१ मध्ये, म्हणजे पुस्तकानंतर चार वर्षांनी. आज आमच्या वॉर्डात कुणी असं केलं तर काउंटची गरजच पडणार नाही. मला तर कायम वाटत आलंय की पोरगी डॉक्टरांनीच घालवली आणि नाव त्या बिचाऱ्याचं झालं.

जुनी पाने यांना +१, वैद्यकीय कारणांसाठी.

बॉस्टनची मावशी

स्टेथोस्कोप, मग हे तुमच्यासाठी. आमच्यापासून फार लांब नाही, ऱ्होड आयलंडमध्ये एक्झिटर नावाचं गाव आहे. तिथल्या ब्राऊन कुटुंबात आई गेली, मोठी मुलगी गेली, जानेवारी १८९२ मध्ये एकोणीस वर्षांची मर्सी गेली. सगळ्या क्षयाने. भाऊ एडविनही खंगत चाललेला. गावकऱ्यांचं म्हणणं पडलं की मेलेल्यांपैकी कुणीतरी त्याला शोषतंय. मार्चमध्ये कबरी उकरल्या. आई आणि बहीण यांचे सांगाडे झाले होते. मर्सीचं शरीर मात्र ताजं दिसलं, हृदयात रक्त सापडलं. थंडीच्या दिवसांत दोनच महिन्यांपूर्वी गेलेली मुलगी ती, दुसरं काय होणार? हृदय जाळलं, राख पाण्यात कालवून भावाला पाजली. तोही मे महिन्यात गेला.

आणि क्षयाचा जंतू कॉखने १८८२ मध्येच शोधला होता! दहा वर्षं झाली होती. अशा प्रकारांबद्दलचं अमेरिकन वर्तमानपत्राचं कात्रण स्टोकरच्या टिपणांत सापडलेलं आहे.

म्हणून मला रातकिड्याचा 'न बोलणारा व्हॅम्पायर' जरा खुपतो. मर्सीही बोलू शकत नव्हती. तिच्याबद्दल जे बोलायचं ते गावच बोललं.

वाडीवरचा

आमच्याकडे रात्री फिरणारा म्हणजे आरवलीचा वेतोबा. लोक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात आणि रात्री गावाची राखण करत फिरल्यामुळे त्या झिजतात असं मानतात. केळीचे घड मिळतात, रक्त नाही. त्यामुळे ही इंग्लंडातली भुतं मला लहानपणीही जरा पोरकीच वाटायची, गाव नाही न देऊळ नाही.

व्हॅम्पायर पहिल्यांदा भेटला तो नारायण धारपांच्या 'लुचाई'त. ती 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे हे फार उशिरा कळलं. मूळ नंतर वाचलं, पण हाडं गोठली होती ती धारपांनी. रच्याकने, त्या दोन्हींत मला व्हॅम्पायरपेक्षा गावाची भीती वाटली. शेजारचं घर बंद पडतं, पडदे ओढले जातात, आणि कुणी चौकशीला जात नाही. त्यात व्हॅम्पायर बोलला काय, न बोलला काय.

खवचट काका

शेजारी चौकशी करत नाहीत अशी वाडी कोकणात दाखवा, मी व्हॅम्पायरवर विश्वास ठेवतो.

ईशा_वाचते

कुणीच 'ट्वायलाइट'चं नाव घेतलं नाही, म्हणजे सगळे घाबरलेत. मी घेते. स्टेफनी मेयर, २००५. अकरावीत असताना वाचलं, ते मी संपवलेलं पहिलं जाडजूड इंग्रजी पुस्तक. हसा.

टवाळ

ईशाताई, हसत नाही, पण व्हॅम्पायर उन्हात जळतो हो. 'ट्वायलाइट'मधल्यासारखा हिऱ्यागत चमकत नाही. नियम म्हणजे नियम.

ईशा_वाचते

कुठला नियम? स्टोकरचा काउंट भर दिवसा पिकॅडिलीत उभा असतो, वर रातकिड्यांनीच लिहिलंय. दिवसा त्याची शक्ती कमी होते, तो जळत नाही. उन्हाने मरायची कल्पना १९२२ च्या 'नॉस्फेराटू' या मूकपटातली. तो सिनेमा स्टोकरच्या बायकोची परवानगी न घेता काढला होता आणि कोर्टाने प्रती नष्ट करायला सांगितल्या होत्या. म्हणजे तुमचा पवित्र नियम चोरीच्या मालातून आलाय!

'ट्वायलाइट'मधला व्हॅम्पायर एडवर्ड आवडायचा ते वय गेलं. झोपलेल्या मुलीला तिच्या नकळत बघत बसणारा मुलगा आज मला चालणार नाही. पण त्याच २००५ मध्ये ऑक्टेव्हिया बटलरची 'फ्लेजलिंग' आली, ती वाचा. तिच्यात शोरी ही व्हॅम्पायर स्वतः निवेदन करते. दिसायला दहा-अकरा वर्षांची काळी मुलगी, प्रत्यक्षात त्रेपन्न वर्षांची, स्मृती गेलेली. तिच्या जमातीने माणसाच्या जनुकांचे प्रयोग करून तिला काळी त्वचा दिलीय, उन्हात टिकावं म्हणून. आणि त्याच रंगापायी तिच्याच जातीचे 'शुद्ध' लोक तिच्या माणसांना जाळून मारतात. एकाच वर्षी दोन बायकांनी उन्हाचा प्रश्न सोडवला. एकीने चकाकी दिली, दुसरीने वंशभेद मधोमध आणून बसवला.

आता रातकिडा, भीतीचं बोला. शोरी चावली की माणसाला तिची चटक लागते, मग ती सोडून गेली तर तो जगत नाही. ती प्रेमळ आहे, परवानगी विचारते, काळजी घेते. पण एकदा चव लागल्यावर दिलेल्या होकाराला काय अर्थ? हे ती स्वतःच सांगते, अगदी शांतपणे, आणि आपल्याला ती आवडत राहते. मला काउंटपेक्षा याची जास्त भीती वाटली.

शमिका

ईशा, यादीत टाकलं. काउंटला वाईट म्हणून मोकळं होता येतं. शोरीच्या बाबतीत ती सोयच नाही.

रातकिडा

'फ्लेजलिंग' वाचलेली नाही, मागवतो. पण ईशा, तुम्ही सांगताय त्यावरून ती अस्वस्थ करणारी वाटते. अस्वस्थता वेगळी आणि भीती वेगळी. अस्वस्थ व्हायला मला बातम्या पुरतात.

माझ्या बाजूने अजून एक साक्षीदार. 'आय ॲम लेजंड'मध्ये नायक नेव्हिल एकटा घरात कोंडून घेतो आणि रोज रात्री बाहेरून व्हॅम्पायर झालेला बेन कॉर्टमन ओरडतो, बाहेर ये नेव्हिल. कधीकाळचा शेजारी, बरोबर कामाला जाणारा. त्याला बोलायला दिलंय ते एवढंच. यापुढे लुईच्या टेपा ठेवा.

जुनी पाने

साक्षीदार उलटला बरं का! त्याच पुस्तकाचा शेवट आठवा. व्हॅम्पायरांतल्या काहींनी औषध शोधून नवा समाज उभारलाय. त्यांच्या दृष्टीने दिवसा घरात शिरून झोपलेल्यांच्या छातीत सूळ ठोकणारा नेव्हिल हाच राक्षस. खिडकीतून तो जमलेल्या गर्दीकडे बघतो आणि त्या चेहऱ्यांवर आपली दहशत त्याला दिसते. दीडशे-पावणेदोनशे पानं मॅथेसनने आपल्याला एकाच बाजूला बसवून ठेवलं, ते या एका क्षणासाठी.

आणि 'कार्मिला' तुम्ही यादीत घेतली, पण तिच्याबद्दल चकार शब्द नाही. का, ते सांगतो. ती तुमच्या सिद्धांतात बसत नाही. कार्मिला सारखी बोलते, निवेदन करणाऱ्या लॉराचे हात धरून प्रेमाच्या गोष्टी करते. लॉराला ती हवीही असते आणि किळसही येते. शेवटी तिला मारतात, सगळं रीतसर होतं, आणि तरी लॉरा म्हणते की दिवाणखान्याच्या दाराशी कार्मिलाची हलकी पावलं वाजली असा मला कधीकधी भास होतो. तो भास तिला नकोसा आहे असं ती म्हणत नाही.

रातकिडा

'कार्मिला' मुद्दामच टाळली होती. तिच्याबद्दल वेगळं लिहायचंय. पण सांगणारी लॉराच आहे, कार्मिला नव्हे, एवढी नोंद करून ठेवा.

शमिका

केली नोंद. आता 'इंटरव्ह्यू'ची उरलेली पानं वाचा. पॅरिसच्या थिएटरचा भाग येईपर्यंत कुणाची दया करायची नाही.