जिभेवर विरघळणारी गोळी: दाबून केलेली पुरे, की फ्रीझ-ड्रायच हवी?

कृष्णाकाठ (सांगली): माझ्या मते डायरेक्ट कॉम्प्रेशन पुरे. मॅनिटॉल (गोडसर भराव), क्रॉसपोव्हिडोन (गोळी चटकन फोडणारा घटक) आणि औषध मिसळा, नेहमीच्याच मशीनवर दाबा. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २००८ मध्ये अशी गोळी साधारण ३० सेकंदांत फुटावी असं सुचवलं. तेवढं यात जमतं. मग फ्रीझ-ड्रायिंगचा, म्हणजे गोठवून सुकवण्याचा, खर्च पेशंटच्या बोकांडी कशाला?

मिरजेचा_केमिस्ट: जमतं म्हणणं सोपं आहे हो! दाब वाढवला की गोळी कडक होते, पण आतली छिद्रं बुजतात आणि पाणी शिरायला वेळ लागतो. दाब कमी केला की कडा झडतात. फ्रायबिलिटीच्या, म्हणजे गोळी किती झडते ते बघायच्या, ड्रममध्ये १०० फेऱ्यांनंतर घट १ टक्क्याच्या आत हवी, वर वेळही पाळायची. शिवाय क्रॉसपोव्हिडोन विरघळत नाही, जिभेवर चरचर राहते. फ्रीझ-ड्रायमध्ये बर्फ थेट वाफ होऊन जातो, मागे नुसती जाळी उरते. ती काही सेकंदांत विरते.

कृष्णाकाठ (सांगली): आणि ती जाळी पाटणच्या पावसाळ्यात? पट्टी कापून सुट्या गोळ्या देणारी दुकानं आपल्याकडे कमी नाहीत. जरा ओल लागली की लगदा.

मिरजेचा_केमिस्ट: म्हणून तर तिची फॉइल सोलायची असते. लोक अंगठ्यानं दाबून काढतात, मग चुरा हातात येतो. हे काउंटरवर सांगायला हवं, दोष पद्धतीचा नाही.

यवतेश्वर (सातारा): कापूर राहिलाच की! कापूर घालून गोळी दाबायची, मग व्हॅक्यूम ओव्हनमध्ये तो उडवायचा. छिद्रं आयती मिळतात. बी.फार्म.च्या प्रोजेक्टवाल्यांची आवडती पद्धत.

कृष्णाकाठ (सांगली): प्रोजेक्टपुरतं ठीक. छिद्रं वाढली की गोळी ठिसूळ होणारच, आणि कापूर पुरता गेला की नाही हे दर बॅचला तपासत बसा. मुळात तोंडात फुटली म्हणजे रक्तात पोचली असं नाही. बहुतेक औषध लाळेबरोबर पोटातच जातं. मग दहा सेकंद वाचवून काय मिळवलं?

मिरजेचा_केमिस्ट: बहुतेक, सगळं नाही. पार्किन्सन्सचं सेलेजिलिन घ्या. साध्या गोळीचा रोजचा डोस १० मिग्रॅ, फ्रीझ-ड्राय गोळीचा १.२५ मिग्रॅपासून सुरू होतो. तोंडातूनच शोषलं जातं, पोटातून गेलेल्या औषधाला रक्तात पसरण्याआधीच लागणारी लिव्हरची पहिली कात्री चुकते.

कृष्णाकाठ (सांगली): सेलेजिलिन तुमचं, मान्य. पण पाण्यात सहज विरघळणारं औषध फ्रीझ-ड्राय गोळीत साधारण ६० मिग्रॅच्या वर बसवणं अवघड. मेटफॉर्मिनचे ५०० मिग्रॅ कुठं कोंबणार? तिथं दाबायच्या मशीनकडेच यावं लागेल, सर.