आईच्या बोटाचं टोक खाली लोंबलंय आणि ती स्प्लिंट सारखी काढते. मदत हवी आहे

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. आईचं वय ६३. गादीखाली चादर खोचताना उजव्या हाताच्या मधल्या बोटात कट्कन आवाज झाला. दुखलं फारसं नाही, पण तेव्हापासून नखाजवळचं पेर वाकलेलंच आहे. दुसऱ्या हाताने उचललं की सरळ होतं, सोडलं की पुन्हा खाली. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे, वरचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटलाय, याला मॅलेट फिंगर म्हणतात, ऑपरेशन नको, असं सांगितलं. टोक सरळ धरून ठेवणारी प्लास्टिकची छोटी स्प्लिंट दिली आहे, ८ आठवडे, दिवसरात्र.

बाहेर पेशंटची रांग, त्यामुळे बाकी काही विचारता आलं नाही. आता आई आंघोळीला आणि कणीक मळायला स्प्लिंट काढून ठेवते. "पाच मिनिटांनी काय होतंय?" हे वर. आतली कातडी भिजून पांढरी पडलीय, वासही येतो. मावशीचं वेगळंच, हाडवैद्याकडे नेऊन बोट ओढून बसवून घ्या म्हणते. खरंच अजिबात काढायची नाही का? मग बोट धुवायचं कसं? आणि एवढं करून ते पूर्ण सरळ होतं का?

यष्टीमागे:
मला हेच झालं होतं, चेंडू बोटाच्या टोकावर आदळून. टेनिस बॉल होता, हसू नका. आमच्यातल्या एकाने मॅच खेळायला मधेच स्प्लिंट काढली, तर डॉक्टरांनी त्याचे आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. काकूंना एवढंच सांगा.

हातथेरपी:
हाताच्याच पेशंटबरोबर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बोटांत हलवणारे स्नायू नसतातच. मोठे स्नायू कोपराखाली असतात, त्यांचे टेंडन मनगटावरून बोटांपर्यंत येतात. शेवटचं पेर सरळ करणारा टेंडन नखाच्या मुळाजवळ हाडाला चिकटतो आणि तिथे तो अगदी पातळ, चपटा असतो. तळव्याच्या बाजूचा, वाकवणारा, चांगला जाडजूड. वरचा तुटला की खालच्याला अडवणारं कोणी उरत नाही, म्हणून टोक लोंबतं. तुटलेली टोकं एकमेकांजवळ राहिली तरच मधे नवी ऊती धरते. ती सुरुवातीला फार कच्ची असते. पाच मिनिटं सोडा, टोक एकदा खाली पडलं तरी ताणली जाते. यात सांधा निखळलेला नाही, मग ओढून बसवणार काय? मावशींना नम्रपणे नाही म्हणा. मालिशही नको.

धुण्यासाठी: हात टेबलावर पालथा, बोट टेबलाला पूर्ण टेकलेलं. स्प्लिंट पुढच्या बाजूने सरकवून काढा. टोक टेबलावरून सुटता कामा नये. पुसायला उचलावंच लागलं तर तुम्ही खालून आधार देऊन सरळ धरा. कातडी अगदी कोरडी झाल्यावरच पुन्हा चढवा. डॉक्टरांकडून त्याच मापाची दुसरी स्प्लिंट मागून घ्या, एक ओली झाली की दुसरी. आंघोळीला हातावर प्लास्टिकची पिशवी. कणीक मात्र घरात दुसऱ्या कोणीतरी मळावी, याला तोड नाही.

मधला सांधा मोकळा ठेवायचा आणि तो दिवसातून बऱ्याचदा वाकवायचा, नाहीतर आखडतो. स्प्लिंटने टोक मागे इतकं ताणलं जात असेल की सांध्यावरची कातडी पांढरीफटक पडते, किंवा जखम झाली, बोट बधिर वाटलं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

८ आठवड्यांनंतर साधारणपणे काही आठवडे फक्त रात्री घालायला सांगतात. बोट किंचित वाकलेलं राहू शकतं, सांध्यावर बारीकसा उंचवटाही राहतो. कामाला सहसा अडत नाही. अजिबात उपचार न केल्यास मात्र काहींचा मधला सांधा हळूहळू उलट्या बाजूला झुकतो, मग प्रकरण अवघड होतं.

यष्टीमागे:
आणि उलटं असेल, म्हणजे टोक वाकतच नसेल तर?

हातथेरपी:
तो खालचा टेंडन तुटल्याचा प्रकार असू शकतो. कबड्डीत कुणाची जर्सी पकडताना होतो. तिथे थांबायचं नाही, लगेच हाताच्या सर्जनकडे. त्याला बहुतेक वेळा ऑपरेशन लागतं.

गोदाकाठ:
खूप आभार. टेबलाची युक्ती आज केली, जमली. कणीक बाबांकडे गेलीय, आई शेजारी उभी राहून सूचना देते. आता स्प्लिंटवरच्या चिकटपट्टीने तिला खाज सुटलीय. कागदी पट्टी चालेल का?

हातथेरपी:
चालेल. ओली झाली की सुटते, म्हणून रोज बदला, आणि बदलताना पुन्हा तेच, बोट टेबलावर. गोल आवळून गुंडाळू नका.