गहू बंद करूनही जुलाब थांबेनात, कुठे चुकतंय?

अबोली:
मदत हवी आहे, जरा लवकर. नवऱ्याचा गहू गणपतीपासून पूर्ण बंद आहे. पोळी, ब्रेड, बिस्किटं, रवा, शेवया, सगळंच. बाहेरचं खात नाही, डबा घरचा. सुरुवातीला पोट छान बसलं होतं. आता पुन्हा दिवसातून चार-पाच वेळा जावं लागतं, पोट फुगतं, वजन वाढायचं नाव नाही. शिवाय डब्यातली भाकरी दुपारपर्यंत कडक होते आणि अर्धी तशीच परत येते. "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका, विचारलंय, "पथ्य पाळा" म्हणाले. नक्की काय काय तपासू?

दगडफूल:
आजार कोणता ते लिहिलंच नाही. सिलियाक, आयबीएस की कोलायटिस? तिन्हीत पोट बिघडतं, पथ्य मात्र एक नाही. टीटीजी-आयजीए (सिलियाकची रक्ततपासणी) किती होतं? बायोप्सी झाली का, आणि गहू बंद करायच्या आधी की नंतर?

अबोली:
सिलियाक. बायोप्सी गहू चालू असतानाच झाली. टीटीजी खूप जास्त होतं, आकडा फाईलमध्ये आहे. मला पदार्थांचं सांगा ना.

मावळखोरे:
साधा गहू सोडा आणि खपली गहू आणा. आपला जुना वाण आहे, पचायला हलका. शुगरवाल्यांनाही चालतो.

दगडफूल:
कृपया हे करू नका. खपली हाही गहूच, त्यातही ग्लूटेन (गहू-जवातलं प्रथिन) असतं. निरोगी माणसाला तो हलका वाटत असेल, इथे प्रश्न पचण्याचा नाहीच. सिलियाकमध्ये ग्लूटेन दिसलं की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. जुना वाण, सेंद्रिय, आंबवलेला, कुठलाही गहू नको. जवही नको.

मावळखोरे:
पूर्वी सगळे खपलीच खायचे, तेव्हा कुठे होते हे आजार?

सांजवात:
तेव्हा हा आजार ओळखायची रक्ततपासणी नव्हती. गव्हाचा आणि या आजाराचा संबंध डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने मांडला, त्याचा प्रबंध १९५० चा. त्याआधी अशी मुलं नुसती वाळत जायची.

अबोली ताई, तीन गोष्टी सांगा. हिंग कुठला वापरता? पीठ कुठून दळून आणता? आणि दुधात काही घालता का?

अबोली:
हिंग साधा, डबीतला. पीठ कोपऱ्यावरच्या गिरणीतून, ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी आहे त्यांची. दूध रात्री मोठा कप, त्यात माल्टची पावडर, ताकद यावी म्हणून. त्यात गहू कुठे असतो?

सांजवात:
तिन्हीकडे ग्लूटेन आहे.

माल्ट म्हणजे बहुतेक वेळा मोड आणून भाजलेला जव, काही पावडरींत गव्हाचं पीठही असतं. आजच बंद. पाकिटावर माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, बार्ली यातलं काहीही लिहिलेलं असलं तरी परत ठेवा.

डबीतला हिंग हा बांधणीचा हिंग, म्हणजे डिंक, पीठ आणि थोडा खरा हिंग. पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं. चिमूटभरच जातो, पण दोन्ही वेळच्या फोडणीत जातो. तांदळाच्या पिठात बांधलेला, ग्लूटेन-फ्री लिहिलेला मिळतो, तो घ्या. तोवर हिंगाशिवाय फोडणी करा.

गिरणीची चक्की वेगळी असली तरी खोली एकच. गव्हाचं पीठ हवेत उडून सगळीकडे बसतं. शिवाय लोक थालीपिठाची भाजणी त्याच ज्वारीच्या चक्कीत दळतात आणि भाजणीत गहू असतोच. एक ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम जात राहिलं तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होते. म्हणजे अर्धा चमचा पीठही फार झालं.

कडीपत्ता:
गिरणीत आधी किलोभर तांदूळ दळायला सांगा, चक्की साफ होते.

सांजवात:
कमी होतं, संपत नाही. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. जुनी, गहू दळलेली असेल तर जाळी बदलून भागत नाही, कापडी पिशवीत आणि फटींत पीठ राहतं. दळण्याआधी ज्वारी ताटात पसरून हाताने निवडा, पोत्यात गव्हाचे दाणे हमखास येतात आणि आकार जवळपास सारखा म्हणून चाळणीने निघत नाहीत. नाचणीचं सोपं आहे, बारीक चाळणीतून नाचणी खाली पडते, गहू वर राहतो. दळण नकोच असेल तर ग्लूटेन-फ्री लिहिलेलं बंद पाकीट घ्या. भारतात त्याची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी अशी आहे.

दगडफूल:
यात मेतकूट धरा, त्यातही गहू असतो. सॉय सॉस, कुरड्या, दुकानातली सूप पावडरही बघा. लाकडी पोळपाट-लाटणं आणि पिठाची चाळणी त्यांच्यासाठी वेगळी हवी, लाकडाच्या भेगांतलं पीठ धुऊन जात नाही. स्टीलची भांडी नीट घासली की चालतात.

आणि नुसतं साधं दूधही सध्या थांबवून बघा. दूध पचवणारं लॅक्टेज आतड्याच्या आतल्या लवेच्या टोकांवर तयार होतं, आणि सिलियाकमध्ये आधी तीच लव झिजते. त्यामुळे दुधानेही असेच जुलाब आणि फुगणं होतं. दही-ताक पुष्कळांना चालतं. आतडं भरून आलं की दूध बहुधा परत सोसतं.

लिंबलोण:
मी ग्लूटेन सोडून वजन कमी करायच्या विचारात आहे. रोज किती भाकऱ्या खाव्यात?

कडीपत्ता:
त्यासाठी वेगळा धागा काढा.

अबोली ताई, भाकरी कडक होते म्हणजे पीठ जुनं आहे. ज्वारीच्या पिठाची विरी (चिकटपणा) आठ-दहा दिवसांत जाते. थोडं थोडं दळा, बाकी काही करावं लागत नाही.

खडीसाखर:
डब्यासाठी ताजं पीठही पुरत नाही, उकड काढावीच लागते. १ वाटी पाणी मीठ घालून खळखळ उकळवा, गॅस बंद करून १ वाटी पीठ घाला, ढवळून १० मिनिटं झाका. गरम असतानाच ओल्या हाताने चांगलं मळा, गोळ्याला चीर पडता कामा नये. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवा आणि पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटा, वाळल्यावर उलटली तर तडे जातात. २ वाट्या पिठाला १ चमचा इसबगोल आणि २-३ चमचे जास्त पाणी घातलं तर संध्याकाळपर्यंत मऊ राहते. गरम भाकरी डब्यात कोंडू नका, तूप लावून सुती कापडात गुंडाळा.

कडीपत्ता:
इसबगोल घातलेली भाकरी म्हणजे भाकरी नव्हे.

खडीसाखर:
डबा परत येत असेल तर चव बाजूला ठेवावी लागते.

अबोली:
हिंगाची डबी बघितली, "गव्हाचे पीठ" लिहिलंय. आता घरघंटी बघते. दोन वेगळे स्वयंपाक नकोत म्हणून मुलाचा गहूही मी बंद केला आहे, ते ठीक ना? तो सात वर्षांचा आहे, त्याला काही त्रास नाही.

दगडफूल:
नाही, हे थांबवा. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मुलं यांच्यापैकी कुणाला सिलियाक असेल तर बाकीच्यांची तपासणी करायची असते, त्रास नसला तरी. गहू बंद असताना टीटीजी खोटं नॉर्मल येतं. बालरोगतज्ज्ञांना विचारून त्याची पोळी पुन्हा सुरू करा, साधारण दीड-दोन महिने रोज खाऊ दे, मग टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए (रक्तातली एक अँटीबॉडी) करा. आयजीएच कमी असेल तर टीटीजीवर विसंबता येत नाही. डीक्यू२-डीक्यू८ ही जनुकांची तपासणी मात्र गहू बंद असतानाही करता येते. ती निगेटिव्ह आली तर सिलियाक जवळजवळ नाहीच. पॉझिटिव्ह आली तर एवढ्यावरून काही ठरत नाही, निरोगी लोकांतही ती सर्रास येते.

नवऱ्याचं टीटीजी पथ्य सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनी पुन्हा करा. एकदम नॉर्मल येणार नाही, उतरतंय का एवढंच बघा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२ आणि डी जीवनसत्त्व एकत्रच काढून घ्या.

कडीपत्ता:
फराळाचं काय करणार? चकलीची भाजणी तांदूळ आणि डाळींचीच असते, ती चालेल ना?

खडीसाखर:
भाजणी घरघंटीत दळली असेल तर चालेल. तळणीचं तेल बघा. शंकरपाळी किंवा करंज्या तळलेल्या तेलात चकली तळली की मैदा तिच्यात आलाच. चकली आधी तळा, ताज्या तेलात. बेसनाचे लाडू विकतचे नकोत, त्यात रवा मिसळलेला असू शकतो.