काळे पट्टे नकोत, आधी फिकट थर द्या

एअरसॉफ्ट बंदूक (प्लास्टिकच्या गोळ्या मारणारी खेळातली बंदूक) झाडीत मिसळून जावी म्हणून रंगवताना हिरव्यावर काळे पट्टे ओढा, असं वर कुणीतरी सुचवलंय, ते मला अजिबात पटत नाही. झाडीत निव्वळ काळं फार थोडं असतं, त्यामुळे पट्टेच नजरेत भरतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसा. नळीचं तोंड, हॉप-अपची (गोळीला उलटी फिरकी देणाऱ्या भागाची) खिडकी, मॅगझिनची खाच आणि दुर्बीण मास्किंग टेपने झाका. अमेरिकेत असाल तर नळीचं नारिंगी टोकही तसंच राहू द्या. पोलिसांना खरी बंदूक वाटली तर जिवावर बेतेल. मग मॅट (न चकाकणाऱ्या) खाकी स्प्रेचा पातळ थर, 25-30 सेंटिमीटरवरून. तो वाळला की तुमच्या मैदानावरचंच गवत, नेचे वर धरून तपकिरी-हिरव्याचे झटकन फवारे मारा. कडा तुटक येतात, तेच हवंय! शेवटी मॅट क्लिअर, म्हणजे रंग टिकवणारा बिनरंगी थर, आणि दिवसभर हात लावू नका.